घरचे मागे

तेच वाक्य!

थर्झाच्या हातातला टाक थबकला. शाईचा थेंब वहीवर पडायच्या आत तिने टोक टिपकागदावर टेकवलं आणि मिसेस डिन्सडेलनी दिलेलं पत्र खिडकीच्या उजेडात धरून पुन्हा एकदा वाचलं... ‘गोळी लागताक्षणीच त्याचे प्राण गेले. त्याला कसलीही वेदना झाली नाही, आणि सकाळपासून तो घराविषयीच आनंदाने बोलत होता.’ खाली सही होती, गिल्बर्ट रेनर, कॅप्टन. तिच्या भावाची. तिने ज्याला कित्ता गिरवायला शिकवलं, त्या गिलच्या अक्षरातली!

लढाईत पडलेल्या गावातल्या मुलांबद्दल त्यांच्या अधिकाऱ्यांनी घरी जी पत्रं लिहिली होती, ती सगळी एका वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून ती वही चर्चमध्ये ठेवायची, असं स्केलवेटच्या बायकांनी हिवाळ्यातच ठरवलं होतं. थर्झा बालवर्गाची शिक्षिका. तिच्याइतकं वळणदार अक्षर साऱ्या खोऱ्यात कुणाचं नव्हतं, म्हणून काम तिच्याकडे आलं. आपल्या घरचं पत्र तिने शिरस्त्याप्रमाणे सगळ्यांत शेवटी ठेवलं होतं. आजवर बारा पत्रं उतरवून झाली होती, ती दुसऱ्या पलटणींतली, परक्या अधिकाऱ्यांची. गिलने लिहिलेली चार आज एकदम हातात आली, आणि चारांतही हेच वाक्य निघालं; शब्दाला शब्द, स्वल्पविरामाला स्वल्पविराम!

पाचवं पत्र तिचं स्वतःचं होतं. ते चहाच्या जुन्या डब्यात होतं, आणि तो डबा उघडायची गरजच नव्हती. गेले चार महिने ते वाक्य तिने इतक्या वेळा मनाशी म्हटलं होतं, की प्रार्थना विसरली असती पण ते विसरली नसती. ‘त्याला कसलीही वेदना झाली नाही...’ एनॉकला वेदना झाली नाही, एवढ्या एकाच आधारावर ती रोज सकाळी उठत होती, चूल पेटवत होती, पोरांना मुळाक्षरं शिकवत होती. आणि तो आधार चारचौघींना सारखाच वाटलेला निघावा!

रागसुद्धा लगेच आला नाही. रागाला त्राण लागतं, आणि ते या घरात आताशा कुणाकडेच उरलं नव्हतं.

वडील गेले तेव्हा गिल अकरा वर्षांचा होता आणि थर्झा तेवीस. आई तर गिलच्या जन्माच्या वेळीच गेलेली. “पोराला शिकव,” एवढंच वडील शेवटी म्हणाले होते. गावच्या शाळेचा नियम असा, की लग्न झालेल्या बाईने नोकरी सोडायची. आणि नोकरी सोडली तर गिलची मोठी शाळा सुटणार. एनॉक थ्वेटशी तिचं लग्न तेव्हा ठरलेलं होतं. एनॉक शेताच्या दगडी भिंती रचायचा, चुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून. तिने रडत रडत त्याला सांगितलं, तेव्हा तो हातातला दगड उलटापालटा करत म्हणाला होता, “मग थांबू. भिंतीसुद्धा घाईने रचल्या की कोसळतात.” अकरा वर्षं थांबला तो! गिल शिकला, युद्ध सुरू झाल्यावर अधिकारी झाला; एनॉक त्याच्याच कंपनीत सार्जंट म्हणून गेला. “तुझ्या लाडक्याकडे बघायला कुणीतरी नको का?” असं म्हणून गेला. पुढच्या रजेत लग्न करायचं, चर्चमध्ये लग्नाच्या घोषणासुद्धा झाल्या होत्या... आणि नोव्हेंबरात तार आली.

त्याच नोव्हेंबरातल्या त्याच सकाळच्या पराक्रमासाठी गिलला रौप्यपदक मिळालं. ‘शत्रूच्या भडिमारात तीन जखमी सैनिकांना स्वतः उचलून आणले.’ गेल्या बुधवारी लंडनला राजवाड्यात समारंभ झाला. प्रत्येकाला दोन माणसं बरोबर नेता येत होती. थर्झाने निळ्या पोशाखाला नवी कॉलर लावून ठेवली होती; पण गिल परस्पर लंडनला उतरला, एकटाच राजवाड्यात गेला, आणि गुरुवारी संध्याकाळी घरी आला तो पदकाची डबी खिशातून न काढताच. तिने विचारलं, तर म्हणाला, “छातीवर आधीच एक छोटा हुक लावून ठेवतात, राजाने नुसतं अडकवायचं. खुंटीला टोपी अडकवावी तसं. पाहण्यासारखं काही नव्हतं.” ती कॉलर तिने रात्री उसवून टाकली. आपण खेड्यातली मास्तरीण, त्याला आता आपली लाज वाटत असेल, असं तिने मनाशी धरलं आणि ते दुःख गिळून टाकलं. गिळायची सवय होती तिला.

मागचं दार वाजलं. गिल फिरून आला होता. बावीस वर्षांचा मुलगा, पण कानाजवळचे केस पांढरे झालेले, आणि खुर्चीत बसायचा तो म्हाताऱ्यासारखा, आधी हाताने खुर्ची चाचपून.

“वरच्या शेतापर्यंत गेलो होतो,” तो म्हणाला. “एनॉकची भिंत बघायला.”

थर्झाने चहाच्या डब्यातलं पत्र काढून पाचही पत्रं टेबलावर ओळीने मांडली. परीक्षेत नक्कल करणाऱ्या पोरापुढे ती अशाच वह्या मांडायची.

गिलने पाहिलं. त्याचा चेहरा पडला नाही की पांढरा झाला नाही. पडायला काही शिल्लकच नव्हतं.

“सगळ्यांनाच वेदना झाली नाही?” तिने विचारलं. “सगळेच सकाळपासून घराविषयी आनंदाने बोलत होते? गिल, अरे मी तुझी बहीण!”

“आम्ही सगळेच तसं लिहितो.” त्याने डोळ्यांवरून हात फिरवला. “कर्नलनेच शिकवलं. चार ओळी, नीट जुळवून लिहायच्या... तुला वेगळं लिहायला बसलो होतो, थर्झा. सात कागद फाडले. मग इतरांना लिहिलं तेच लिहिलं.”

“खरं काय झालं?”

“नको.”

“मी अकरा वर्षं ज्याची वाट पाहिली, तो कसा गेला हे मला कळायला नको?”

तो उठला, खिडकीशी गेला, परत येऊन बसला. मग त्याने सांगितलं. थांबत थांबत, बरंचसं टेबलाकडे बघूनच.

“धुकं होतं. पहाटेचा हल्ला फसला होता, आणि आमची चार माणसं पुढे पडली होती, जिवंत. धुकं आहे तोवर आणता येतील असं वाटलं, म्हणून मी गेलो. सगळ्यांत जवळ एनॉकच होता. खड्ड्यात पडलेला, मांडीचं हाड मोडलेलं. त्याला मी पहिला आणू शकलो असतो. सहज.”

“मग?”

“खंदकातून सगळी कंपनी बघत होती, थर्झा. तो माझ्या घरचा. माझ्या बहिणीचा होणारा नवरा. त्याला पहिला उचलला असता तर... मी अधिकारी होतो त्यांचा. मी नुसता त्याच्यापाशी गुडघे टेकून बसलो. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि हसला. हसला गं! आणि म्हणाला, ‘कळलं रे. घरचे मागे.’ ”

थर्झाने टेबलाची कड घट्ट धरली.

घरचे मागे... ते त्यांच्याच घरचे शब्द होते. वडील असताना रविवारी जेवायला कुणी ना कुणी पाहुणा असायचाच, आणि मांस नेहमी बेताचं. ताटली फिरायला लागली की वडील ओठांतल्या ओठांत म्हणायचे, ‘घरचे मागे’. म्हणजे घरच्यांनी आधी नकार द्यायचा, पाहुण्यांचं होऊ द्यायचं, उरलं तर आपण. वडिलांनंतर थर्झाने ते चालू ठेवलं. भुकेला गिल डोळ्यांत पाणी आणून ताटली पुढे सरकवायचा, आणि ती त्याला टेबलाखालून शाबासकीचा हात लावायची. एनॉक पहिली तीन वर्षं पाहुणा होता. मग एका रविवारी वडील त्याच्याकडे बघून म्हणाले, ‘एनॉक, घरचे मागे हं!’ आणि एनॉकने मांसाची ताटली न घेताच पुढे दिली, आणि कानापर्यंत लाल झाला. तेच त्यांचं ठरणं. दुसरा साखरपुडा कसला झालाच नव्हता!

“दोघांना आणलं,” गिल सांगत होता. “तिसरा वॉल्टर डिन्सडेल होता. तो खंदकापर्यंत पोचलाच नाही. माझ्या पाठीवर ओरडत ओरडत... वाटेत गेला. मी मेलेला माणूस घेऊन आलो, आणि परत फिरलो तोवर धुकं उठलं होतं. तरी सरपटत एनॉकपर्यंत पोचलो. पण तिथून हलता येईना. डोकं वर काढलं की गोळी. दिवसभर आम्ही दोघं त्या खड्ड्यात. दुपारी चारपर्यंत होता तो.”

“चारपर्यंत,” थर्झा म्हणाली.

“बाटलीतलं पाणी दहालाच संपलं. त्याला दुखत होतं. खूप दुखत होतं, थर्झा. शुद्धीत होता तेव्हा वरच्या शेतातल्या भिंतीबद्दल बोलायचा. एके ठिकाणी दोन दगड बसवायचे राहिलेत म्हणाला. आज बघून आलो, खरंच राहिलेत. आणि शेवटी म्हणाला, ‘थर्झाला म्हणावं, आता वाट बघू नको. अकरा वर्षं पुष्कळ झाली.’ ” त्याने पाचही पत्रं पालथी घातली. “त्यांनी मला त्या सकाळसाठी पदक दिलं! तुला राजवाड्यात कसा नेऊ? तुझ्यासमोर ते माझ्या छातीवर कसं अडकवून घेऊ?”

थर्झा उठली.

“तू त्याला शेवटी ठेवलंस,” ती म्हणाली. “तो सगळ्यांत जवळ होता, आणि तू त्याला शेवटी ठेवलंस!”

“हो.”

तिने शाल घेतली आणि ती बाहेर पडली. वरच्या शेतापर्यंत चढून गेली. भिंतीतली ती दोन दगडांची जागा तिला लगेच सापडली. त्या फटीत हात घालून ती उभी राहिली, आणि तिला रडू आलं ते एनॉकसाठी आलं, स्वतःसाठी आलं, की टेबलाखालून लावलेल्या त्या शाबासकीच्या हातासाठी आलं, हे तिलाही कळलं नाही. कुणी शिकवलं होतं त्या पोराला, की आपलं माणूस नेहमी शेवटी? हे परमेश्वरा, कुणी शिकवलं होतं!

शनिवारी चर्चच्या सभागृहात गिलचा सत्कार होता. घरात कालपासून शब्द नव्हता. दोघं शेजारी शेजारी चालत गेले, आणि बघणाऱ्यांना वाटलं, काय ही बहीणभावंडं, अभिमानाने मुकी झालीत! भाषणं झाली. शहरातून आलेल्या नगराध्यक्षांनी ‘आपल्या मातीचा सिंह’ वगैरे म्हणून घेतलं. गिल उभा राहिला, “आभारी आहे” एवढंच म्हणाला आणि बसला. लोकांना तेही आवडलं. शूर माणसाने कमीच बोलावं, अशी आमच्याकडे समजूत आहे. मग चहा, शहाजिऱ्याचा केक, आणि एका टेबलावर उघडून ठेवलेली ती वही. गिलच्या चार पत्रांची पानं थर्झाने रात्री जागून पुरी केली होती.

मिसेस डिन्सडेल वहीपाशी उभ्या होत्या. खाटकाची बायको, भारदस्त, मोठ्या आवाजाची. वॉल्टर गेल्यापासून मात्र तो आवाज खाली आला होता. त्यांच्याबरोबर आणखी तिघी होत्या, आणि चौघींचे चेहरे काहीतरी झाल्यासारखे दिसत होते.

“थर्झा, पोरी, इकडे ये,” त्या म्हणाल्या. “हे बघ. माझ्या वॉल्टरचं पान, आणि हे या एलनच्या पोराचं, जॉबचं. शब्द तेच आहेत. या दोघींचेही तेच.”

“हो,” थर्झा म्हणाली.

“आत्तापर्यंत आपापल्या घरी वाचत होतो, म्हणून कळलं नाही.” त्यांनी पानावर बोट ठेवलं, त्या बोटाला सुरीच्या जुन्या खुणा होत्या. “मी अडाणी बाई असेन, पण खुळी नाही. रोज दिवा मालवायच्या आधी ही ओळ वाचते गं मी. वॉल्टरला लहानपणी साधा काटा बोचला तरी घर डोक्यावर घ्यायचा. तो ओरडत गेला नाही, या एका गोष्टीवर मी उभी आहे. आणि आता... हे सगळ्यांनाच लिहून टाकतात का? ठोकळ्याने छापावं तसं?”

सभागृहाच्या टोकाला गिल कप हातात धरून उभा होता. तो ऐकत होता.

“तुझं पान अजून कोरं आहे,” मिसेस डिन्सडेल म्हणाल्या. त्यांनी थर्झाचं मनगट धरलं. “तुला काय लिहिलंय त्याने? सख्ख्या बहिणीशी कुणी खोटं बोलत नाही. तुझं वेगळं असेल, तर आमचं खोटं. तुझं हेच असेल तर... दाखव ना गं. तेवढं दाखव.”

थर्झाने त्यांच्याकडे पाहिलं. एनॉकच्या आधी उचलून आणलेल्या मुलाची ही आई! तो तरी वाचला असता तर... पण तोही नाही आणि एनॉकही नाही, आणि ही बाई भीक मागावी तशी एका ओळीसाठी हात धरून उभी. थर्झाच्या मनात क्षणभर आलं, सांगून टाकावं; तुझ्या मुलासाठी माझा माणूस खड्ड्यात पडून राहिला, दुपारी चारपर्यंत, पाण्याविना! सांगितलं असतं तर आपलं दुःख निदान आपलं तरी झालं असतं. आज एनॉकचं खरं मरण गावात कुणाला तरी ठाऊक झालं असतं, कुणीतरी तिला जवळ घेऊन रडलं असतं...

तिने हातातली पिशवी उघडली. का कोण जाणे, निघताना चहाच्या डब्यातलं पत्र तिने बरोबर घेतलं होतं. ते उलगडून ती वर्गात वाचायची तसं, स्वच्छ आवाजात वाचू लागली.

“ ‘गोळी लागताक्षणीच त्याचे प्राण गेले. त्याला कसलीही वेदना झाली नाही, आणि सकाळपासून तो घराविषयीच आनंदाने बोलत होता.’ ”

आणि पत्र तिने मिसेस डिन्सडेलच्या हातात दिलं. त्यांनी अक्षरावर बोट फिरवून पुन्हा वाचलं, सही पाहिली, आणि त्यांचे डोळे भरून वाहू लागले.

“तेच आहे गं,” त्या बाकीच्यांना म्हणाल्या. “सख्ख्या बहिणीलासुद्धा तेच!”

“गिलने मला तोंडानेही सांगितलं काल,” थर्झा म्हणाली. “मरण सारखं आलं, तर शब्द वेगळे कुठून आणायचे त्याने? वॉल्टर ओरडला नाही, मिसेस डिन्सडेल.”

“देव तुझं भलं करो, पोरी,” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना केक दिसला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी एक तुकडा उचलून खाल्ला.

गिल केव्हा बाहेर गेला, हे कुणाला कळलं नाही. थर्झा निघाली तेव्हा तो पायऱ्यांवर बसला होता, टोपी गुडघ्यावर. ती त्याच्याजवळ थांबली नाही. पण चालायचा वेग तिने कमी केला, आणि तो उठून मागून येऊ लागला.

रविवारी दुपारी तिने टाक घेतला आणि एनॉकचं पान लिहिलं. शब्दाला शब्द, स्वल्पविरामाला स्वल्पविराम, आपल्या सगळ्यांत सुंदर अक्षरात. एकही डाग पडू दिला नाही. पुढे शंभर वर्षांनी कुणी ती वही उघडली तरी त्याला तेच दिसणार होतं, की स्केलवेटच्या कुणालाही काही दुखलं नाही. गिल समोर बसून पाहत होता.

“असं करायला नको होतंस,” तो म्हणाला. “एनॉकचं तरी खरं...”

“खरं माझ्यापाशी आहे. तुझ्यापाशी आहे. दोघांत पुरेल.” तिने टिपकागद दाबला. वर न बघता ती म्हणाली, “तो हसला, असं म्हणालास.”

“हसला. खरंच हसला.”

“कानापर्यंत लाल झाला असेल.”

गिलने मान हलवली.

सोमवारी सकाळी आठच्या गाडीने त्याला परत जायचं होतं. थर्झाने चूल पेटवली. घरात दोन अंडी होती आणि खारवलेल्या मांसाचे तीन तुकडे, मिसेस डिन्सडेलनी नवऱ्याच्या नकळत पाठवलेले. गिल गणवेश चढवून खाली आला. पदकाची फीत छातीवर होती. पदक टेबलावर, डबीत, तिच्या बशीशेजारी त्याने ठेवलं होतं. डबी तिने उचलली आणि चहाच्या जुन्या डब्यात, पत्राशेजारी ठेवून दिली.

मग तिने सगळंच त्याच्या ताटात वाढलं. दोन्ही अंडी, तिन्ही तुकडे, पावाचा कडेचा खरपूस कापसुद्धा, लहानपणी ज्याच्यासाठी तो झुरायचा.

गिलने पाहिलं, आणि सवयीने, हात आपोआपच चालावा तसं, ताट तिच्याकडे सरकवलं.

“नाही,” थर्झा म्हणाली. तिने ते परत त्याच्यासमोर ठेवलं आणि दोन्ही हातांनी धरून ठेवलं, सुटू नये असं. “ऐक माझं, गिल. हे तुला मीच शिकवलं, आणि चुकीचं शिकवलं. आता तिकडे गेलास, की कुणी काही म्हणो, कुणी बघत असो... माझ्यासाठी एकच माणूस उरलाय. त्याला मागे ठेवायचं नाही. त्याने स्वतःलासुद्धा मागे ठेवायचं नाही. कळलं?”

“थर्झा...”

“आज घरचे आधी,” ती म्हणाली. “खा.”

त्याने काटा उचलला. अश्रू ताटात पडत होते, आणि तो तसाच खात होता, अकरा वर्षांचा असताना खायचा तसा, मान खाली घालून, भराभर. थर्झा समोर बसली होती. तिचं ताट रिकामं होतं. तिने टेबलाखालून हात पुढे केला आणि त्याच्या गुडघ्यावर ठेवला, आणि गाडीची वेळ होईपर्यंत तो तिथून काढला नाही.